लाल लुगड्यातली बाई

रविवारी सकाळी मेणवलीच्या घाटावर, सासवडच्या संगमेश्वरापाशी, नाशिकच्या गोदाकाठी किंवा कोल्हापूरच्या पंचगंगेवर कधीही गेला असाल, तर तो तुम्हाला भेटलेला आहे. घडीचं स्टूल, कापडी हॅट, चारही कडांना चिकटपट्टी लावून 300 जीएसएमचा कागद बसवलेला बोर्ड आणि ब्रश धुवायच्या पाण्यासाठी श्रीखंडाचा रिकामा डबा. बँकेतून, कॉलेजातून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त झालेला. ग्रुपची मिनीबस सहाला सुटायची असते आणि पावणेसातला सुटते. पोचल्यावर पहिला तास स्पॉट शोधण्यात जातो, दुसरा लाइट येण्याची वाट बघण्यात, आणि तिसऱ्या तासात लाइट गेला म्हणून हळहळत चित्र सुरू होतं. ते पुरं झालं की सही करण्याआधी, पत्रिकेला कुंकू लावावं तसा, तो ब्रशचं टोक लाल रंगात बुडवून घाटाच्या पायऱ्यांवर एक ठिपका देतो. ठिपक्यावर एक काळा ठिपका, त्यावर एक तपकिरी. झाली लाल लुगड्यातली बाई, डोक्यावर घागर घेतलेली. ती कायम पाठमोरी असते, कारण चेहरा जमत नाही. हिला ग्रुपमध्ये ‘फिगर’ म्हणतात, आणि ‘फिगरशिवाय चित्र मरतं हो’ हे वाक्य म्हटल्याशिवाय एकही रविवार मावळत नाही.

या गृहस्थाबद्दल साधं म्हणणं असं, की घाट हा त्याच्या चित्राचा विषय नसतोच. चित्र हे त्याच्या घाटावर बसण्याचं निमित्त असतं. पुरावा म्हणून पहिली साक्ष त्या बाईचीच काढावी. मेणवलीला ती कृष्णेचं पाणी भरते, नाशकात गोदावरीचं, रंकाळ्यावर तळ्याचं. हर्णैच्या बंदरावर होड्यांच्या गर्दीतही ती घागर घेऊन उभी असते, म्हणजे समुद्राचं पाणी भरत असणार. दुसरी साक्ष सावलीची. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, त्यामुळे दोन तास चाललेल्या चित्रात देवळाची सावली आठची आणि झाडाची दहाची, असा घोटाळा अनुभवी माणसाचाही होतो. बाईची सावली मात्र वर्षानुवर्षं उजवीकडेच पडते. तिचा सूर्य वेगळा असावा. तिसरी साक्ष विजेच्या खांबाची. तो ऐन देवळासमोर उभा असतो, पण चित्रात कधीही येत नाही. ज्याने वीज मंडळात तीस-पस्तीस वर्षं खांब उभे करण्यात घालवली, तोच आता एकेक खांब निष्ठेनं उपटून टाकतो. तारा गेल्या, डिश अँटेना गेली, पायथ्याशी लावलेली बोलेरो गेली, तिच्या जागी बैलगाडी आली. इतकं सगळं घरी बसून करता आलं असतं. त्यासाठी पहाटे उठून वाईच्या पलीकडे जाण्याचं कारण नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. घाटावर बाई नसते असं नाही, चांगल्या चार-पाच जणी असतात. गाऊनवर ओढणी घेतलेल्या, शेजारी निळा प्लास्टिकचा टब, हातात कपड्यांचा ब्रश, दगडावर फेस. त्या नेमक्या फोरग्राउंडमध्ये येतात. मग आपला कलावंत अत्यंत अदबीनं उठून जातो आणि म्हणतो, ‘ताई, जरा पाच मिनिटं त्या बाजूला बसता का? चित्र काढतोय.’ ताई टब उचलून त्या बाजूला जातात, कारण शहरातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडवत नाही. पाच मिनिटांचे दोन तास होतात. आणि बरोबर जिथून ताईंना उठवलं, त्याच पायरीवर लाल लुगडं प्रकट होतं. कपडे धुऊन निघालेल्या ताई क्षणभर मागे थांबून बघतात आणि विचारतात, ‘ही कोण?’ या प्रश्नाला कलाक्षेत्राकडून अद्याप समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

यावर जाणकार म्हणतील, हे स्वातंत्र्य मोठ्यांनीही घेतलंय. खरं आहे. 1832 साली लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात टर्नरचं करड्या समुद्राचं चित्र कॉन्स्टेबलच्या लालभडक चित्राशेजारी लागलं, तेव्हा टर्नरनं येऊन आपल्या समुद्रावर लाल रंगाचा एक थेंब टाकला आणि नंतर त्याचा तरंगता बोया करून टाकला. लाल ठिपक्याचं घराणं इतकं थोर आहे. पण टर्नरनं शेजारचं चित्र बघितलं, स्वतःचा समुद्र बघितला आणि मग एकदा थेंब टाकला. आपल्या ग्रुपमध्ये परंपरेचा फक्त पहिला भाग उतरलाय, शेजाऱ्याचं चित्र बघण्याचा. शेजाऱ्यानं एक बाई टाकली की हा दोन टाकतो, पलीकडचा तिसरी टाकून तिच्या कडेवर मूल देतो. जेवणाच्या वेळी सगळी चित्रं पायऱ्यांवर मांडली की त्यांत पंधरा-वीस लाल बायका पाणी भरत असतात आणि खऱ्या घाटावर एकही नसते, कारण सगळ्यांना त्या बाजूला बसवलेलं असतं.

दुसरा आक्षेप असा, की सौंदर्य शोधणाऱ्यानं खांब आणि टब का काढावेत? काढावेत अशी सक्ती नाही, पण काढता येतात हे इतरांनी दाखवून दिलंय. 2007 साली सिएटलमधून सुरू झालेल्या अर्बन स्केचर्सच्या मंडळींचा दंडकच आहे, की समोर दिसतं त्याच्याशी इमान राखायचं. पुण्या-मुंबईतले त्यांचे तरुण तारांचं जाळं, हेल्मेट अडकवलेली स्कूटर, चहाच्या टपरीवरचा गॅस सिलिंडर प्रेमानं काढतात. त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे ग्रुपमधल्याच महिला सदस्य. या पहाटे चारला उठून घरच्यांचे दोन डबे करून मिनीबस गाठतात, आणि त्यांच्या चित्रांत निळा टब असतो, दोरीवरचे कपडे असतात, टबाशेजारी बसलेल्या ताईही असतात. डोक्यावरच्या घागरीत त्यांना काव्य दिसत नाही, कारण पाणी न आलेल्या दिवशी काय होतं हे त्यांना ठाऊक असतं. गृहस्थ त्यांच्या चित्राकडे मान कलती करून बघतात आणि म्हणतात, ‘छान, छान. जरा लाल हवा होता.’

आणि कोल्हापूरकरांनी तर उत्तर फार आधी देऊन ठेवलंय. शाहू महाराजांच्या पदरी असलेले चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि 1931 साली वारले. ते एकच तळं त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलं, आणि दर वेळी ते निराळं निघालं. आपला गृहस्थ दर रविवारी निराळ्या गावाला जातो आणि एकच चित्र घेऊन परततो. मग जातो कशाला? इथे त्याची बाजू घेणं भाग पडतं. मराठी मध्यमवर्गीय माणसाला नुसतं बसता येत नाही. नोकरीत होता तेव्हा कामाला बसला, सुटल्यावर वाट बघत बसला. पाण्याकडे बघत तीन तास बसणाऱ्याला मात्र घरचे बीपीची गोळी घेतली का म्हणून विचारतात. बोर्ड मांडीवर असला की तोच माणूस कलाकार होतो आणि त्याला कुणी उठवत नाही. फोटो काढायला दहा सेकंद लागतात, म्हणजे फोटोनं बसायचा परवाना दहाच सेकंदांचा मिळतो. जलरंग पुरता दोन तासांचा देतो: आधी फिकट वॉश, मग तो वाळायची वाट, मग गडद. एप्रिलच्या उन्हात वॉश ब्रशच्या मागोमाग वाळतो आणि श्रावणात काही केल्या वाळत नाही, म्हणूनच या मंडळींना श्रावण अधिक प्रिय असावा. ‘अजून ओला आहे’ एवढं म्हटलं की आणखी अर्धा तास बसता येतं.

त्या बसण्याची कमाई चित्राच्या पुढच्या बाजूला शोधू नये; कागद उलटा करून बघावा. मागे कोपऱ्यात, हिशेबाच्या वहीत लिहायची सवय लागलेल्या अक्षरात, पेन्सिलीनं नोंद असते. गाव, तारीख, निघाल्याची वेळ. त्याखाली पाणी किती पायऱ्या उतरलं होतं. वडाची एक फांदी तोडलेली. पलीकडच्या काठावर नवं बांधकाम, दोन मजले. जलपर्णी पुलापर्यंत. खंड्या दिसला, दोनदा. टबवाल्या ताईंच्या मुलीला बारावीला 81 टक्के, पुढे नर्सिंग करायचं म्हणते. म्हणजे हा माणूस आंधळा नव्हता. त्यानं ताईंना त्या बाजूला बसवलं आणि मग वॉश वाळेपर्यंत त्यांच्याशी गप्पा मारल्या. जे दिसलं ते त्याला दिसलंच होतं. चित्रात काढण्याजोगं ते आहे असं मात्र त्याला कधी कुणी सांगितलं नाही. त्याच्या मनातलं चित्र पन्नास वर्षांपूर्वीच्या एका कॅलेंडरवर काढून ठेवलेलं आहे आणि ते त्याला प्रत्येक घाटावर सापडतं, कारण त्याच्या लहानपणीच्या घाटावर खरोखरच कुणीतरी घागर घेऊन जात असे. ती गेल्याचं दुःख त्याला थेट सांगता येत नाही. म्हणून तो तिला दर रविवारी बोलावतो.

हे गठ्ठे पुढे माळ्यावर जातात. मुलगा परगावी, सुनेला भिंत रिकामी आवडते, आणि प्रदर्शनात लागलेली चार चित्रं ग्रुपमधल्याच लोकांनी एकमेकांची विकत घेतलेली. उद्या नद्यांवर काम करणाऱ्या कुणाला ते गठ्ठे मिळाले, तर इतक्या काठांवरचं पाणी, झाडं, बांधकामं आणि माणसं यांची इतक्या वर्षांची नोंद त्याला सहजी दुसरीकडे मिळायची नाही. प्रदर्शन भरवायचंच असेल तर ही चित्रं भिंतीकडे तोंड करून लावावीत. मात्र ही सूचना त्याच्या कानावर घालू नये. घातली, तर पुढच्या रविवारपासून तो मागच्या बाजूलाही बाई उभी करील.