चार पोरं : एक सार्वजनिक सुविधा

व्हीलचेअरवरच्या माणसाची सहल फोनवर सुरू होते आणि बऱ्याचदा फोनवरच संपते. ‘खोली तळमजल्यावर आहे का?’ या पहिल्या प्रश्नाला हॉटेलवाला ‘हो’ म्हणतो. तळमजला जोत्यावर आहे आणि जोत्याला तीन पायऱ्या आहेत, हे दुसऱ्या फोनमध्ये कळते. तिसऱ्या फोनला तोडगा निघतो : ‘तुम्ही या हो बिनधास्त! आपली चार पोरं आहेत, उचलून ठेवतील.’

चार पोरं हे महाराष्ट्रातील सुगम्यतेचे मूळ एकक होय. रॅम्पला सिमेंट लागते, लिफ्टला वीज लागते. पोरांना चहा पुरतो. ती खुर्ची माणसासकट उचलतात, आणि धरतात तो नेमका तिचा निखळणारा हात. बॅटरीवरची खुर्ची असेल तर माणूस धरून वजन दीडशे किलोच्या घरात जाते. अशा वेळी चौघांपैकी एकाला हमखास फोन येतो.

काही ठिकाणी रॅम्प असतोही. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा, असे मानक सांगते. प्रत्यक्षातला रॅम्प मालकाची मोटारसायकल चढावी या बेताचा असतो आणि मोटारसायकल त्यावरच उभी असते. खरी परीक्षा मात्र बाथरूमची. दार दोन फुटी, खुर्ची सव्वादोन फुटी. म्हणून जाणते प्रवासी दाराला टेप लावून फोटो पाठवायला सांगतात. फोटो येतो, त्यात पलंगावर टॉवेलचा हंस बसलेला असतो.

कायद्याची बाजू भक्कम आहे. पहिला कायदा 1995 चा. 2015 मध्ये सुगम्य भारत अभियान निघाले. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला पाच वर्षे दिली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते सक्तीचे हवेत. तोवर सक्ती होती ती पायऱ्यांची.

रेल्वे व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला थ्री एसीच्या तिकिटात 75 टक्के सवलत देते, सोबत्यालाही देते. त्या डब्याचे दार मात्र सवलत देत नाही. खुर्ची आत शिरत नाही. रुंद दाराचा स्वतंत्र डबा काही गाड्यांना असतो, बहुधा अगदी टोकाला, फलाटाचे छप्पर जिथे संपते तिथे. तो शोधत पोचेपर्यंत धडधाकट प्रवाशांनी आत पथाऱ्या पसरलेल्या असतात. त्यांना उठवायला पुन्हा चार पोरं लागतात, जरा वेगळ्या प्रकारची.

प्रेक्षणीय स्थळांत घारापुरीचा दाखला घ्यावा. 1987 पासून ही लेणी जागतिक वारसा आहेत. गेटवेला हेलकावणाऱ्या लाँचमध्ये पाय टाकायचा. ज्याला पाय टाकता येत नाही, त्याने स्वतःला टाकायचे. बेटावर उतरल्यावर धक्क्यावरून छोटी गाडी थोडे अंतर नेते आणि पुढे शंभरावर पायऱ्या. तिथे डोली मिळते, म्हणजे तीच चार पोरं, पण दर ठरवून. हा प्रकार त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणावा लागेल. देवळांत प्रश्न वेगळा : चाकांची गणना चपलांत होते, आणि त्यांच्यासाठी स्टँडवर टोकन नसते.

राहिला समुद्र. वाळूत चाक रुतते, यावर उपाय अवघड नाही. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये थेट पाण्यापर्यंत लाकडी वाट झाली. पुढच्याच महिन्यात मांडूस वादळाने तिचा समुद्राकडचा भाग मोडला. पोरांचे तसे नसते. ती वादळात मोडत नाहीत. फक्त सलग सुट्ट्यांच्या हंगामात ती दुसऱ्या पार्टीचे सामान उचलत असतात, आणि मालक म्हणतो, ‘सोमवारी आला असता तर बरं झालं असतं.’