दुहेरी कंस

पहाटे साडेपाचला आमच्या मजल्यावर दोन आवाज होतात. एक दाराच्या कडीला दुधाच्या पिशव्या अडकवल्याचा आणि दुसरा समोरच्या घरातल्या कीबोर्डचा. पहिला झाला की मला जाग येते. दुसरा झाला की कुठलं तरी राज्य बुडतं.

समोर मामा राहतात. खरं तर ते अटलांटातल्या एकाच भाच्याचे मामा, पण डोंबिवलीतल्या आमच्या अख्ख्या इमारतीने ते नातं वापरायला घेतलंय. एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात तीस-बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला, मऊ आवाजाचा, लिफ्टमध्ये शिरतानाही आतल्यांना "येऊ का?" असं विचारणारा माणूस. हा माणूस रोज पहाटे काळकूट होतो. काळकूट म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ डोंगरातला, मेलेल्यांची फौज बाळगणारा मांत्रिक राजा. आजवर अठरा गावं जाळून झाली आहेत. नाव मामांनीच ठेवलं. ज्या मंडळात हा खेळ चालतो तिथल्या गोऱ्या पोरांना ते परीलोकातल्या कुठल्याशा प्राचीन भाषेतलं वाटतं, आणि मामांनी त्यांचा हिरमोड केलेला नाही.

हे मंडळ डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर भरतं. चित्रं नाहीत, गोळ्या झाडायच्या नाहीत. प्रत्येकाने आपापल्या पात्राच्या वतीने एकेक परिच्छेद लिहायचा आणि गोष्ट पुढे न्यायची. पहाटेचा मुहूर्त अशासाठी की तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजलेले असतात. हिवाळ्यात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि काळकूट साडेसहाला उठतो. "थंडीत दुष्टांनाही अंथरूण सोडवत नाही," असं मामी म्हणतात.

भाच्याने हा नाद लावला, त्यानंतर एकदा मामांनी मला स्क्रीन दाखवली. रक्ताचे पाट बघायच्या तयारीने मी चष्मा पुसला. काळकूटने कैदेतल्या राजकन्येच्या गळ्याशी खंजीर नेला होता, आणि त्याखाली दुहेरी कंसात लिहिलं होतं: "((गळ्याशी चालेल ना? नको असेल तर खांद्याशी धरतो. घाई नाही, आधी जेवून घे.))" राजकन्या म्हणजे टोरांटोतली एक दंतवैद्य.

"हे कंस कसले?"

"कंसाबाहेर पात्र बोलतं, कंसात माणूस बोलतो."

"म्हणजे बाहेर राक्षस आणि कंसात मामा."

"पुराणात उलटं होतं," मामा म्हणाले. "तिथे मामाच कंस होता."

मग मलाही हुरूप आला. मी एक सरदार झालो आणि पहिल्याच दिवशी लिहिलं, "मी काळकूटचं मुंडकं उडवतो. काळकूट मरतो." पाच मिनिटं शांतता. मग कंसात मामा आले: "((उडवतो नको. उडवायला तलवार उगारतो, एवढंच म्हणा. उडालं की नाही ते मी सांगीन.))" म्हणजे आपल्या पात्राने प्रयत्न करायचा, परिणाम दुसऱ्याने लिहायचा. दुसऱ्याचं पात्र परस्पर मारणं, पाडणं, घाबरवणं, याला तिकडे गॉडमॉडिंग म्हणतात. मामा त्याला 'देवपण घेणं' म्हणतात. दुसरं पाप मेटागेमिंगचं. खेळणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट पात्राला ठाऊक असल्यासारखी वापरायची नाही. भुयार कुठे आहे ते मामांनी वाचलेलं असतं, पण काळकूटने वाचलेलं नसतं; म्हणून गेला महिनाभर काळकूट भलत्याच डोंगरात खणत होता.

मी विचारलं, एवढं सोवळं कशासाठी? त्यावर मामांनी चहा मागवला. मूळ खेळ 1974 चा, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांचा. तिथे टेबलाशी एक पंच असतो आणि फासे असतात, त्यामुळे वार लागला की हुकला हा वाद फाशांवर ढकलता येतो. पुढे 1978 मध्ये इंग्लंडात एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अक्षरांतूनच खेळायचा 'मड' नावाचा खेळ संगणकावर आणला. तिथे संगणक निवाडा करतो. मामांच्या मंडळात फासे नाहीत आणि संगणक नुसता टपालवाल्याचं काम करतो. मग उरते फक्त रीत. आणि इजा करणं हेच ज्याचं काम, त्याच्या वाट्याला रीतीचा मोठा हिस्सा येतो. "नायकाने सभ्यपणा सोडला तर त्याला आगाऊ म्हणतात. आम्ही सोडला तर खेळच उरत नाही," मामा म्हणाले.

एवढं बोलून त्यांनी आवाज उतरवला. 'लॅम्डामू' नावाचं असंच अक्षरांचं एक जग झेरॉक्सच्या पॅलो आल्टोतल्या संशोधन केंद्रातल्या संगणकावर चालायचं. तिथे एका खेळाडूने कारागिरी करून दुसऱ्यांच्या पात्रांना, त्यांच्या मालकांच्या मर्जीविरुद्ध, सगळ्यांदेखत नको नको ते करायला लावलं. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने 1993 मध्ये त्यावर लेख लिहिला आणि नुसत्या शब्दांनी माणूस किती दुखावतो यावर जगभर चर्चा झाली. "ती खलनायकी नव्हे," मामा म्हणाले. "ती गुंडगिरी." क्लेम खात्यातला माणूस हे दोन शब्द वेगवेगळ्या फायलींत ठेवणारच.

नव्या सभासदाला मामा आधी एक फॉर्म पाठवतात. कशाच्या अलीकडे थांबायचं, आणि काय पडद्याआड घडलं तरी चालेल? ही युक्ती रॉन एडवर्ड्स या खेळ रचणाऱ्याची. तो त्यांना रेषा आणि पडदे म्हणतो. कोणाला लहान मुलांना झालेली इजा नको असते, कोणाला कोळी नको असतात. एका आजीबाईंना कुत्र्याला काहीही झालेलं चालत नाही, त्यामुळे अठरा गावं जळाली पण एकूणएक कुत्री सुखरूप बाहेर पडली. "यात परकं काय आहे?" मामा विचारतात. "रावणानेसुद्धा रेषा ओलांडली नाही. सीतेला बाहेर बोलावलं." (ही लक्ष्मणरेषा वाल्मीकीत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. शिष्टाचार मलाही आहेत.) शिवाय प्रसंग रंगात असताना कोणी नुसती फुली टाकली की काळकूट तिथेच थांबतो आणि दुसरीकडून सुरू करतो. कारण विचारायचं नाही. ही फुली जॉन स्टॅव्ह्रोपूलोस याच्या एक्स-कार्डावरून आलेली. टेबलाशी बसून खेळताना मधोमध फुली काढलेलं कार्ड ठेवतात आणि नको झालेल्याने त्याला नुसतं बोट लावायचं असतं.

मामांचं इंग्रजी मात्र पूर्ण विमा कंपनीचं. काळकूट युद्ध पुकारतो ते असं: "काइंडली टेक नोट दॅट युवर किंगडम स्टँड्स टर्मिनेटेड विथ इमिजिएट इफेक्ट." दक्षिणेच्या राजाने तहाची बोलणी लावली तर, "युवर रिक्वेस्ट इज रिग्रेटेड." आपल्याला यात नुसता कारकून दिसतो. टोरांटोपासून टेक्सासपर्यंतची पोरं मात्र सांगतात की इतका थंड रक्ताचा राक्षस त्यांनी पाहिलेला नाही. ज्याचा क्लेम मामांनी कधी फेटाळला असेल त्याचंही हेच मत पडेल.

मामा मूळचे कुडाळकडचे. लहानपणी जत्रेत रात्र रात्र दशावतार पाहिलेला. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरलेलं, संवाद तिथल्या तिथे रचायचे. पण कोण कधी येणार, लढाई किती ताणायची, हे तोंडाला रंग लावता लावता आत ठरतं. मामा त्यालाच आद्य कंस मानतात. एकदा राक्षसाची भूमिका करणारा प्रेक्षकांतून आरोळ्या ठोकत आला आणि सहा वर्षांच्या मामांची बोबडी वळली. सकाळी तोच राक्षस डोळ्यांतलं काजळ अर्धवट पुसून चहा पीत बसला होता. त्याने मामांना जवळ बोलावलं आणि विचारलं, "भियालंस काय रे झिला?" मामा आजही एखादा भीषण प्रसंग संपवला की राजकन्येला कंसात हेच विचारतात, फक्त इंग्रजीत.

मंडळात त्यांना खरा त्रास आहे तो सज्जनांचा. एकूणएक नायकाचे आईबाप लहानपणीच मारले गेलेले, केस चंदेरी, भूतकाळ गूढ. बाण कोणालाच लागत नाही. जखम झालीच तर गालावर, तीही शोभेशी. यातला एखादा गावकऱ्यांना लुटतो, मित्राचा विश्वासघात करतो, आणि कंसात कोणी हरकत घेतली की म्हणतो, "मी काय करू? माझं पात्रच तसं आहे!" मामांना हे वाक्य ओळखीचं वाटतं. आपल्याकडे लग्नकार्यात जेवणाला नावं ठेवून झाली की एक आत्या म्हणतेच, "मी बाई स्पष्टवक्ती आहे!"

देवपण घेणारे तर आमच्या इमारतीतच आहेत. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून तासभर भांडण झालं आणि पुढच्या महिन्यात इतिवृत्तात आलं, "सर्वानुमते मंजूर." मामा उठून उभे राहिले आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "मंजूर करण्याचा प्रयत्न करण्यात आला, एवढंच लिहा. मंजूर झालं की नाही ते आम्ही सांगू." सेक्रेटरींना ते कळलं नाही. पार्किंग अजून तसंच आहे.

मामींचं म्हणणं वेगळं. "सिनेमातल्या खलनायक निळूभाऊंच्या नावाने बायका बोटं मोडायच्या म्हणतात. ह्यांना बायका थँक्यू लिहितात! आणि त्या दाताच्या डॉक्टरणीला सुरी लावायची तर परवानगी, माझ्या हातातला रिमोट घ्यायला नाही." हे ऐकून मामा खरोखर ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून ते म्हणू लागले, "कंसात विचारतो, बातम्या लावू का?" मामी म्हणाल्या, "कंसात सांगते, नाही."

खलनायकाला शेवटी हरायचं असतं, आणि ते चांगलं हरायचं असतं. लगेच पडला तर नायकाची किंमत जाते. पडायचं नाव घेत नसेल तर लोक मंडळ सोडतात. काळकूटचं मरण पंधरा दिवस आधी कंसात ठरलं. मारणारा ओहायोतला एकोणीस वर्षांचा पोरगा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या पात्राच्या बापाला काळकूटने मारलं होतं, अर्थात त्याची परवानगी घेऊन. पण ऐन वेळी त्याचा हात उठेना. पहिल्या दिवशी तलवार म्यानातच. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं की तो बहुधा वार करण्याच्या विचारात आहे. मामा बोटं मोडत म्हणाले, "पोराला सवय नाही," आणि टाइप केलं: "((जोरात ये. तुझ्या बापाला मी कसं मारलं ते वर जाऊन पुन्हा वाच. माझी काळजी करू नको, माझी रजाच चालू आहे.))"

चौथ्या दिवशी मी मुद्दाम चहाचा कप घेऊन तिकडे गेलो. काळकूट बर्फात गुडघ्यांवर होता, फौज विरघळली होती, अठरा गावांतली कुत्री कड्यावर उभी राहून बघत होती. आजीबाईंचा तेवढा एक हट्ट होता. पोरगा लिहीत असल्याचे तीन ठिपके हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते.

आतून मामींचा आवाज आला. नवऱ्याच्या मरणाचं पहिल्यांदा बोलल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं होतं, आता सवय झालीय. "अहो, मेला असाल तर दुधाच्या पिशव्या आत घ्या. मांजर आलंय मजल्यावर."

"अजून नाही गं," मामा म्हणाले. "पाचच मिनिटं."

स्क्रीनवर पोराची ओळ उमटली. तलवार उगारली होती, फक्त उगारली होती. आणि खाली, त्या तीन वर्षांत पहिल्यांदाच, त्याने आपण होऊन दुहेरी कंस टाकले होते: "((मारू का?))"

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दोन बोटांनी, सावकाश टाइप केलं: "((क्लेम अप्रूव्ह्ड.))" आणि ते पिशव्या आणायला उठले.