सुरतेहून परतलेल्या पोटाची शास्त्रोक्त व्यवस्था

सुरतेतलं लग्न आटोपून अमळनेरला परतणाऱ्या माणसाने आजारी पडण्याचेही नियम पाळावेत. पहिला नियम असा की, नंदुरबारच्या अलीकडे पोटात कळ येऊ देऊ नये. डब्यातल्या शौचालयात पाणी असेलच असं नाही, आणि असलं तर ते बहुधा जमिनीवर असतं. दोंडाईचा, नरडाणा मागे टाकून घरच्या उंबऱ्यावर कोसळणं केव्हाही प्रतिष्ठेचं.

निदान स्वतः करू नये, शेजारी नाराज होतात. "काय व्हयनं भो?" म्हणत पहिला माणूस ओट्यावर टेकतो तोवर निकाल लागलेला असतो: पाणी बदललं. मध्यरात्रीचं आईस्क्रीम, दुसऱ्या पंगतीत संपलेली आणि तिसऱ्या पंगतीत पुन्हा प्रकटलेली चटणी, वऱ्हाडी डब्यात उकाड्याने आंबलेला मसालेभात, यांपैकी कुणाचंही नाव घेऊ नये. तो सोयऱ्यांचा पाहुणचार असतो. पाण्याला मात्र कुणी सोयरे नाहीत.

डोकेदुखीचा खटला वेगळा चालवावा. शौचालयाला जावं लागू नये म्हणून उधन्यापासून पाण्याचा घोट घ्यायचा नाही, वैशाखातल्या झळा खिडकीतून तोंडावर घ्यायच्या, दोन रात्री जागायचं, रोजचा चार वेळचा चहा चुकवायचा आणि घरी येऊन कपाळाला बाम चोळत दृष्ट लागल्याचं जाहीर करायचं. दृष्ट काढायला हरकत नाही; काढताना तांब्याभर पाणी प्यायला द्यावं, म्हणजे गुण येतो. रिकाम्या, आधीच चिडलेल्या पोटात वेदनाशामक गोळ्या ढकलल्या तर पोट आणि डोकं यांची युती होते.

आता उपचार समिती. एक सदस्य ओवा सुचवतो, दुसरा हिंग, तिसरा झणझणीत शेवभाजी खाऊन घाम काढायला सांगतो. खान्देशात तिखटाने बरा न होणारा आजार अजून मान्य झालेला नाही. वरण-बट्टीही याच सदस्याच्या आग्रहाची. तिला दोन दिवस थांबवावं आणि पेज, मऊ भात, मुगाची खिचडी यांवर भागवावं.

या गर्दीत साखर-मिठाच्या पाण्याला कुणी खुर्ची देत नाही, कारण ते फारच स्वस्त आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित बनगावच्या छावणीत पटकीने मरत होते आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज आणि क्षार पाण्यात कालवून पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्या खाली आले. साखर आतड्यातून शरीरात शिरताना मिठाला आणि पाण्याला सोबत नेते, एवढंच त्यामागचं गुपित. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा घ्यावा, आमटीचा नव्हे). घोट घोट प्यावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करावं. औषधाच्या दुकानातली जलसंजीवनीची पुडी मिळाली तर आणखी उत्तम. मात्र फळांची चित्रं असलेला गोड रसाचा डबा म्हणजे ती पुडी नव्हे.

यात एक व्यावहारिक अडचण आहे. पाणी पिऊन बऱ्या झालेल्या माणसाला भेटायला कुणी येत नाही. हाताला सलाईन लागली की आजाराला वजन येतं, नारळ येतात, सुरतेचे सोयरेही फोन करतात. म्हणून धडधाकट माणसं दवाखान्यात "एक बाटली लावाच" असा आग्रह धरतात. ज्याला घोट गिळता येतो त्याला बहुधा त्या बाटलीची गरज नसते, पण ही माहिती ओट्यावर सांगू नये.

शौचातून रक्त, उतरत नसलेला ताप, सहा-आठ तास लघवी नाही, मान ताठरणं, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, किंवा डोळे खोल गेलेलं, मलूल, दूध न ओढणारं मूल, यांपैकी एकही दिसलं तर समिती तिथल्या तिथे बरखास्त करा आणि रिक्षा बोलवा.