हे कोणी केलंय?

खरा वायरमन घरात शिरल्याशिरल्या पिशवी खाली ठेवत नाही. केस घ्यायची की नाही, हे अजून ठरलेलं नसतं. पिशवी खांद्यावरच ठेवून तो आधी बोर्डाकडे बघतो, मग छताकडे, मग बाथरूमच्या दिशेला (का, ते विचारू नये), आणि मोठा सुस्कारा सोडून म्हणतो, ‘‘हे कोणी केलंय?’’

केलेलं असतं बिल्डरच्या माणसाने. आणि तो माणूस एव्हाना वाघोलीला कुठल्याशा टॉवरच्या पंधराव्या मजल्यावर तेच पुन्हा करत असतो. पण तुम्ही कोणाचंही नाव सांगा, आमचे काका मान हलवणार आणि एकच शब्द बोलणार : ‘‘तरीच.’’

काकांना सगळी सोसायटी काकाच म्हणते. आयटीआयचा वायरमन ट्रेड, शर्टाच्या खिशाला टेस्टर, कानावर पेन्सिल. सोबत एक पोरगा. त्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही, काका त्याला ‘ए’ म्हणतात. दाराशी चपलांच्या कपाटावर डीबी, म्हणजे मेन स्विचांची पेटी असते, तिच्याखाली ‘ए’ उभा असतो. आतून ‘‘कर चालू!’’ आणि ‘‘कर बंद!’’ असे हुकूम सुटतात. मधल्या वेळात तो मोबाइल बघतो.

पंखे, ट्यूबा आणि गिझर यांत काकांची बुद्धी वाया चालली होती. मग कोथरूडात रीडेव्हलपमेंट आली, तिच्यामागे मॉड्युलर किचन आलं, आणि किचनच्या उंच कपाटात, छातीइतक्या उंचीवर, भिंतीतला ओव्हन येऊन बसला. ज्यांच्या आज्या दिवाळीआधी मैदा-तुपाचे डबे घेऊन नानकटाईसाठी बेकरीत रांग लावायच्या, ती मुलं घरच्या घरी सावरडो भाजू लागली. काकांना पुन्हा तारुण्य आलं.

ओव्हन म्हणजे साधारण तीन हजार वॅटचं प्रकरण. २३० व्होल्टने भागलं की १३ अँपिअर. तेव्हा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, डीबीपासून थेट ओढलेली चारची (म्हणजे चार चौरस मिलिमीटरची) तांब्याची वायर आणि तिला स्वतंत्र २० ची एमसीबी, असा सरळ हिशेब आहे. काका भागाकार करत नाहीत. ते वायर अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात, कापडाच्या दुकानात पोत बघावा तशी, आणि सांगतात, ‘‘अडीचची आहे. आणि मिक्सरच्या पॉइंटवरून लूप मारलाय.’’ हे दुसरं वाक्य ते आवाज खाली आणून बोलतात. घरात लहान मुलं असतात.

त्यांचं हाडवैर मात्र इंटिरियरवाल्यांशी. कपाट ६० सेंटिमीटर खोल, ओव्हन ५५ च्या आसपास. मागे उरते तीन बोटं जागा, आणि नेमका तिथेच कोणीतरी प्लगचा पॉइंट काढून ठेवलेला असतो. प्लगटॉप एकटाच ती जागा खातो, ओव्हन पुढे येतो आणि भिंतीतला ओव्हन भिंतीत मावत नाही. ‘‘काका, थोडं ॲडजस्ट करा ना,’’ इंटिरियरवाली म्हणाली. ‘‘मॅडम, माणसं ॲडजस्ट होतात. प्लग होत नाही.’’ मग काकांनी पॉइंट शेजारच्या कपाटात नेला. ते रास्तच आहे. उद्या काही जळायला लागलं, तर स्विच बंद करण्यासाठी पस्तीस किलोचा ओव्हन कोण ओढून काढणार?

परदेशी केबलचे रंग ही काकांची आणखी एक दुखरी नस. ते ज्या जगात वाढले, तिथे लाल, पिवळा, निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग. बाहेरच्या ओव्हनला तपकिरी फेज आणि चक्क निळा न्यूट्रल! ‘‘म्हणजे उद्या हे लोक हिरव्यातून लाइन सोडणार,’’ असं म्हणून काकांनी जोडणीचं पुस्तक न उघडताच बाजूला ठेवलं. पुस्तक ढीगभर भाषांत होतं, मराठी त्यांत नव्हती. काही मॉडेलांच्या मागे पाच टर्मिनलं आणि तांब्याच्या छोट्या पट्ट्या असतात. पट्ट्या योग्य जागी बसवल्या की आपल्या सिंगल फेजवर ओव्हन सुखाने चालतो. काकांनी पाच टर्मिनलं पाहिली आणि घरमालकाला थ्री फेजचा अर्ज भरायला सांगितला. अर्ज अर्धा भरून झाल्यावर त्यांचं लक्ष पट्ट्यांकडे गेलं. तो फॉर्म त्या घरात अजून असेल.

टेस्टर खिशाला असला, तरी काकांचा त्याच्यावर विश्वास नाही. ‘‘टेस्टर पेटला म्हणजे लाइन आली. रिटर्न आहे का, ते याला काय कळतंय?’’ आणि ते खरंच आहे. न्यूट्रल तुटलेला असला, तरी टेस्टर बिचारा आनंदाने पेटतो. म्हणून काकांच्या पिशवीत होल्डरला दोन वायरी लावलेला साठचा बल्ब असतो. फेज-न्यूट्रलला लावला, पेटला, छान. मग त्यांनी अर्थिंग तपासायला तोच बल्ब फेज आणि अर्थला लावला. साठचा बल्ब २६० मिलिअँपिअर घेतो, आणि घराची ईएलसीबी ३० च्या वर गळती सहन करत नाही. खटकन अख्खं घर अंधारात! आजोबांची मालिका गेली, आतल्या खोलीत जावयाची कॅलिफोर्नियाशी चाललेली मीटिंग गेली, आणि अंधारातून काकांचा कृतार्थ आवाज आला, ‘‘अर्थिंग एक नंबर!’’ (तेवढ्याने अर्थिंग आहे इतकंच सिद्ध होतं. एक नंबर आहे की सात नंबर, ते वेगळ्या यंत्राने मोजावं लागतं. पण त्या अंधारात हे कोण बोलणार?)

असं असलं, तरी निदान करावं ते काकांनीच. पावसाळाभर बंद राहिलेला ओव्हन नवरात्रात लावला की ईएलसीबी पडायची. सर्व्हिसवाल्याने कॉइल गेली म्हणून नव्या कॉइलचा भाव सांगितला. शेजाऱ्यांनी फुकटातला उपाय सुचवला : अर्थची वायर काढून टाका, पडायची थांबते. काका आले, त्यांनी ते ऐकलं आणि पहिल्यांदाच चिडले. ‘‘थांबते ना! मग ईएलसीबी पडत नाही, वहिनी पडतात.’’

मग पिशवी खाली ठेवली. एकेक कॉइल सोडवून बघितली. मागची गोल कॉइल सोडवली की ईएलसीबी टिकत होती. ‘‘ही प्यालीय,’’ काका म्हणाले. कॉइलच्या नळीत तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली असते. ती उष्णता जाऊ देते, करंट अडवते. पण दमट हवेत ती टोकांकडून ओल धरते आणि करंट थोडाथोडा बाहेर झिरपू लागतो. हे सगळं काकांनी त्या दोन शब्दांत बसवलं होतं. गोल कॉइलच्या वायरी नीट टेप करून त्यांनी वरच्या-खालच्या कॉइलवर ओव्हन तासभर तापवला, चहा घेतला, वायरी परत जोडल्या. ईएलसीबी जागची हलली नाही. ‘‘किती झाले?’’ विचारल्यावर नेहमीचं ‘‘द्या समजून.’’ समजून दिलेले पैसे ते मोजत नाहीत, नुसते बघतात. मग आपणच आणखी एक नोट काढतो.

परवाच्या गुरुवारी दिवसभर लाइट नव्हती. संध्याकाळी आली, तर ओव्हनचा दिवा लागतोय पण तापायचं नाव नाही. काकांनी ओव्हन बाहेर ओढला, मागचं झाकण खोललं, बल्ब लावला. लाइन होती, रिटर्न होता, कॉइली धडधाकट होत्या. काका हाताची घडी घालून ओव्हनकडे बघत राहिले. बराच वेळ आतून हुकूम आला नाही, म्हणून ‘ए’ स्वयंपाकघरात डोकावला. समोर शून्य शून्य शून्य शून्य उघडझाप करत होते. लाइट जाऊन आली की घड्याळ लावल्याशिवाय असले ओव्हन तापत नाहीत. ‘ए’ने दोन बटणं एकदम दाबली, मनाला येईल ती वेळ लावली, आणि आतला पंखा गुरगुरला.

काकांनी झाकण बसवलं. स्क्रू आवळले. ओव्हन आत ढकलला.

‘‘लूज कॉन्टॅक्ट होता,’’ ते वहिनींना म्हणाले. ‘‘हलवल्यावर बसला.’’ मग दाराशी चपला घालताना, आमच्याकडे न बघता, ‘‘आज पोराचे वेगळे द्या.’’