जुनं ते सीलपॅक

मी आयुष्यभर भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये रुळांना नावं ठेवण्याचा पगार घेतला. या कामाला कागदोपत्री 'इन्स्पेक्शन' म्हणतात. लालभडक रूळ येतो, गार होतो, सरळ होतो, अल्ट्रासॉनिक तपासणीतून जातो आणि शेवटी माझ्यासारखा कुणीतरी त्यावरून हात फिरवून तोंड वाकडं करतो. ती सवय घरीही आली. लग्नाआधी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांत खडा काढला होता, हे बायको आजही चारचौघांत सांगते. खडा खरोखर होता, एवढं मात्र गाळते.

गेल्या दिवाळीत माझा फोन गेला. एलजीचा व्ही थर्टी प्लस. डिसेंबर २०१७ मध्ये भारतात आला तेव्हा ४४,९९० रुपयांचा होता. त्यात हेडफोनची पिन घालायला खरंखुरं भोक होतं आणि आत गाण्यासाठी 'क्वाड डॅक' नावाची वेगळी चिप. रात्री दहानंतर कानाला वायर लावून नाट्यसंगीत ऐकलं की तबल्यावरचं बोट शाईवर पडलं की चाटीवर, हेही कळायचं.

"बाबा, वायर आता कोण वापरतं? ब्लूटूथ घ्या," मुलगी पुण्याहून म्हणाली. मला तोच फोन हवा होता. अडचण एकच: तो आता बनत नाही. ते मॉडेलच काय, ५ एप्रिल २०२१ रोजी एलजीने फोनचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्या घरात त्याच कंपनीचा फ्रिज आहे. फोनची बातमी आली त्या रात्री तो जरा जास्तच घुरघुरला, असं मला वाटलं.

"बंद झालेली वस्तू कशाला शोधून राहिले तुम्ही?" बायको म्हणाली.

"अगं, १९५५ साली ज्या देशाशी करार करून आपला कारखाना उभा राहिला, ज्याच्या मदतीने बांधलेली पहिली भट्टी १९५९ मध्ये राजेंद्रबाबूंनी सुरू केली, तो सोव्हिएत युनियन अख्खाच्या अख्खा १९९१ मध्ये डिस्कंटिन्यू झाला. कारखाना थांबला का?"

"कारखाना चालवायला हजारो माणसं आहेत. तुमच्या फोनला तुम्ही एकटे," ती म्हणाली आणि मेथी निवडायला लागली.

आधी सुपेल्यात आकाशगंगाच्या दुकानांत फिरलो. एका पोराने माझा मेलेला फोन दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला, शेजारच्याला दाखवला, शेजारच्याने त्याच्या शेजारच्याला. शेवटी तो परत देत म्हणाला, "अंकल, इसको संभाल के रखिए. म्यूज़ियम वाले पूछेंगे."

मग उरलं ऑनलाइन. तिथे मात्र व्ही थर्टी प्लसचं पीक आलेलं. तिथली भाषा समजायला मला आठवडा लागला. 'मिंट कंडिशन' म्हणजे पुसलेला. 'सिंगल हँड यूज्ड' म्हणजे एका वेळी एकाच हाताने वापरलेला. 'नॉन-अ‍ॅक्टिव्ह' म्हणजे काय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि 'सीलपॅक' म्हणजे ज्याचं सील फोनपेक्षा तरुण आहे तो. कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली आणि प्लास्टिकवर सुरकुती नाही! बरं, खरोखरच न उघडलेला निघाला तरी आतली लिथियमची बॅटरी डब्यात पडल्या पडल्या म्हातारी होतेच. वय काही सील बघून थांबत नाही.

फोटोंचीही तपासणी केली. दिल्ली, सुरत आणि चेन्नई अशा तीन विक्रेत्यांच्या फोटोत एकच गुलाबी फुलांची चादर होती, आणि फोन धरलेल्या अंगठ्याच्या नखावर तीच अर्धी उडालेली मेंदी. ती बाई भारतभर फिरत होती, बरोबर चादर घेऊन.

आता आमच्या गावात माणूस खात्रीचा आहे की नाही हे पाहायची जुनी पद्धत आहे. "कौन सा सेक्टर?" आणि "पिताजी किस शॉप में?" प्लांटमध्ये शॉप म्हणजे दुकान नव्हे, खातं. एवढ्या दोन प्रश्नांत माणसाच्या तीन पिढ्या हाती लागतात. मुलाने फसवलं तर संध्याकाळी सिव्हिक सेंटरमध्ये बाप भेटतोच. ही पद्धत मी एका ऑनलाइन विक्रेत्यावर चालवून पाहिली.

"पिताजी किस शॉप में थे?"

"किराने की, अंकल. अब बंद है."

तरी त्याचे तारे साडेचार होते म्हणून फोन मागवला. सीलपॅक! सील फोडलं, फोन चालू केला, आणि त्या नव्याकोऱ्या फोनने मला विचारलं: या फोनवर पूर्वी वापरलेल्या गूगल खात्याचा पासवर्ड द्या. पूर्वी? तू तर आत्ता जन्मलास ना रे? विक्रेत्याला फोन लावला तर तो म्हणाला, "कोई भी पासवर्ड डाल के देखिए, लग जाएगा." फोन परत केला. पैसे नवव्या दिवशी आले. ते आठ दिवस घरात मला कुणी कशाला नावं ठेवू दिली नाहीत.

मग मुलीने फोनवरून शिकवणी घेतली. विक्रेत्याने आपलं नाव, पत्ता, माल परत घ्यायचे नियम आणि तक्रार कुणाकडे करायची हे दाखवणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. ते नसेल तर पुढे वाचायचंच नाही. *#०६# दाबल्यावर दिसणारा पंधरा आकडी आयएमईआय आधीच मागायचा. केवायएम लिहून, जागा सोडून तो आकडा १४४२२ वर एसएमएस केला की फोन काळ्या यादीत आहे का ते सरकारच सांगतं. आणि पार्सल कॅमेऱ्यासमोर उघडायचं. मला भरून आलं. ही तर आमच्या खात्यातलीच भाषा! रुळावरही नंबर असतोच की.

शेवटी कोइम्बतूरचा एक विक्रेता सापडला. त्याची जाहिरात म्हणजे कबुलीजबाबच होता. डाव्या कोपऱ्यावर पोचा. पडद्याच्या खालच्या भागात कीबोर्डची पुसट सावली, कायमची. बॅटरी सकाळी भरली तर दुपारच्या जेवणापर्यंत. बॉक्स नाही. त्याला हिंदी येईना, मला तमिळ. आम्ही मोडक्या इंग्रजीत तासभर फक्त दोषांवर बोललो. आयएमईआय त्याने मागायच्या आधीच पाठवला. इतक्या वर्षांत एवढा प्रामाणिक रूळ माझ्यासमोर आला नव्हता.

पार्सल आलं तेव्हा बायको मोबाइल धरून शूटिंग करत होती, शेजारचे दोघे साक्षीला होते आणि डिलिव्हरीवाला पोरगा घाबरला होता. पोचा जागेवर. सावली जागेवर. चार्जर लावून ठेवला. रात्री वायर घातली, डॅक चालू केला आणि तबल्यावरचं बोट चाटीवर पडलं. तेवढं पुरे. त्याचं अ‍ॅन्ड्रॉइड नवव्या आवृत्तीवरच थांबलंय आणि सुरक्षेचे अपडेट बंद झालेत, म्हणून बँक आणि यूपीआय त्यात नाही. निवृत्त माणसाकडे तिजोरीच्या किल्ल्या देत नाहीत, गायला सांगतात.

मधल्या काळात एक स्वस्तातला फोन घेतला होता, तो विकायला काढला. जाहिरात मीच लिहिली: 'सिंगल हँड यूज्ड, मिंट कंडिशन.'

"आणि कढीत पडला होता ते?" बायकोने विचारलं.

"पुसलाय की."

रिसालीहून एक पंचविशीचा मुलगा आला. त्याने फोनच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. मग *#०६# दाबलं. मला रागच आला.

"अरे बेटा, प्लांट का आदमी हूँ!"

"किस शॉप में थे, अंकल?"

"रेल मिल. इन्स्पेक्शन."

"फिर तो आपने देखा ही होगा. बताइए, क्या-क्या खराबी है?"

सांगितल्या. पाच. कढीसकट. सहावी त्याने दाखवली आणि दोनशे रुपये कमी देऊन गेला.