एटीएफवाले काका

मुलुंड पूर्वेच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत रविवारी सकाळी गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर घाबरू नये. ते काका असतात. ते बँकेतून निवृत्त झाले, त्याच दिवशी गॅरेजवाल्यांवरचा त्यांचा विश्वासही निवृत्त झाला.

सध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, बदलणं चालू आहे. ‘हे तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही,’ असं शोरूमवाला म्हणाला होता. “आयुष्यभर? कुणाच्या? वॉरंटीच्या!” काका पाना आपटतात. नवं तेल लालभडक असतं. काळपट पडलं, जळका वास आला की संपलं, हे ते वॉचमनलासुद्धा बोटावर थेंब घेऊन समजावतात.

पेव्हर ब्लॉकवर तेल सांडल्यास दंड, अशी सेक्रेटरींची नोटीस लिफ्टमध्ये लागलेली आहे. म्हणून काकांनी खाली एका भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अंथरलाय. पहिला थेंब नेमका साहेबांच्या कपाळावर पडतो.

“आधी भरायचा बोल्ट सोडायचा, मगच खालचा,” गाडीखालून प्रवचन येतं. “तेल सगळं काढलं आणि वरचा जाम निघाला, तर बसा टोइंगवाल्याची वाट बघत!” निघालेलं तेल पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत मोजलं जातं, जेवढं निघालं तेवढंच भरायचं. वायसर नवाच हवा. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा काळा गाळ मात्र पुसण्याआधी काकूंना दाखवायला वर जातो.

“अहो, पोह्यांवर नका धरू ते!”

यांच्या गाडीला डिपस्टिक नाही. पातळी बघायची तर गाडी सपाट, इंजिन चालू आणि तेल चाळीस अंशांच्या आसपास हवं. त्यासाठी कोविडमध्ये घेतलेली ताप मोजायची बंदूक कामी येते.

“अडतीस!” पहिल्या मजल्यावरचा पोरगा गिअरबॉक्सवर नेम धरून ओरडतो.

“क्रोसिन देऊ का?” गॅलरीतून काकू.

तेवढ्यात शेजारी येतात. “काका, माझीपण ऑटोमॅटिकच आहे. बदलून टाकू या?”

“तुमची एएमटी,” ख्यालगायकाने ऑर्केस्ट्रावाल्याला सांगावं तशा सुरात काका म्हणतात. “२०१४ला सेलेरिओबरोबर आपल्याकडे आली ती. आत गिअरबॉक्स साधाच, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तेवढं यंत्र. तिचं तेल वेगळं.”

खरी मेख पुढेच आहे. बोल्ट सोडून निम्मंच तेल निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडून बसतं. थोडी गाडी पळवायची आणि पुन्हा हाच घाट घालायचा. पण भाजीबाजार आणि बँक एवढंच जाणं असलेल्या माणसाची गाडी पळणार कुठे? म्हणून हल्ली काका जिन्यात गाठून विचारतात, “ठाण्याला सोडू का? ऑक्टोबर २०२४पासून नाक्यावर टोलपण नाही!”

पुढच्या सीटवर बहुधा नोटीसवाले सेक्रेटरीच असतात. त्यांना अट एकच : ठाणं येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, काकांना गिअर पडताना ऐकायचा असतो.