राखणदाराचं बिल

कुंभकोणमहून तंजावरला निघालं की वाटेत सुंदरपेरुमाळ कोयिल लागतं. आजूबाजूला कावेरीच्या पाण्यावरची भातखाचरं. हा मुलूख एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांचा; म्हणजे राज्य त्यांचं, पलटण दुसऱ्याची.

1773 साली अर्काटच्या नवाबासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्याच फौजेने तंजावर घेतलं. 1776 मध्ये त्याच कंपनीने ते तुळजाराजांना परत केलं आणि किल्ल्यात आपली शिबंदी बसवली. खर्च अर्थातच राजांकडे, वर्षाला चार लाख होन. घर फोडणाऱ्यानेच कुलूप विकावं, तेही हप्त्याने! 1799 मध्ये सरफोजीराजांनी कारभारही देऊन टाकला. उरला किल्ला, नेमणूक आणि फुरसत. फुरसतीचं त्यांनी सोनं केलं, हे सरस्वती महालातले ग्रंथ पाहून कुणीही कबूल करील. पण इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं, तर त्या विजयाचा मनोरा कुणी बांधावा? सरफोजींनी. समुद्रकाठी, चांगला आठमजली.

युरोपची राखणही अशीच दुसऱ्याकडे, अमेरिकेकडे. पण युरोप सुधारलेला, तिथे मनोरे बांधत नाहीत, परिषदा भरवतात. 2025 च्या जूनमध्ये हेगला नाटोच्या मंडळींनी 2035 पर्यंत देशांतर्गत उत्पादनाच्या 5 टक्के संरक्षणाच्या नावे घालायचं मान्य केलं (स्पेनने तेवढी कुरकुर केली). सरचिटणीस रुट्टे यांनी तर ट्रम्पसाहेबांसाठी चारचौघांत ‘डॅडी’ हा शब्द वापरला. आपल्याकडे कंपनीला ‘बहादूर’ म्हणत. ‘डॅडी’ म्हटल्याचं ऐकिवात नाही.